व्हिएन्नाला निघताना पोटाची तयारी

व्हिसा हातात आला की आपल्याकडे पहिली बॅग भरते ती खाऊची. भरा, पण तुपाची बरणी, पेढे आणि पनीर घरीच ठेवा. युरोपियन युनियनबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. भाजणी, चटणी, चहाची पूड यांना कुणी अडवत नाही. एवढं झालं की बॅग बंद करा आणि फोन उघडा, कारण खरी तयारी तिथे आहे. 'व्हिएन्नातली दहा सर्वोत्तम ठिकाणं' शोधू नका. त्या दहांच्या दारात तुमच्यासारखेच शंभर जण तीच यादी घेऊन उभे असतात. मी दोनदा जाऊन आले, दुसऱ्यांदा आईला घेऊन. अनुभव असा की या शहरात नीट जेवायचं तर ठिकाणांच्या यादीपेक्षा वेळा, वार आणि दहा-पंधरा शब्द जास्त कामाला येतात.

आधी नकाशा. व्हिएन्नाचे 23 विभाग आहेत आणि पिनकोडातले मधले दोन आकडे म्हणजे विभागाचा नंबर. 1010 म्हणजे पहिला, स्टीफन्सडोम चर्चच्या भोवतीचा. 1060 म्हणजे सहावा, 1070 सातवा. हे एकदा कळलं की पत्ता वाचूनच अंदाज येतो. दुपारी जिथे फिरणार त्याच्या शेजारच्या विभागातली दोन-तीन ठिकाणं फोनवर खूण करून ठेवा. सहाव्या-सातव्या विभागात, दुसऱ्यातल्या कार्मेलिटरमार्क्टच्या ('मार्क्ट' म्हणजे बाजार) आसपास किंवा सोळाव्यातल्या ब्रुनेनमार्क्ट आणि इपेनप्लाट्झला लोक रोजचं जेवायला बसलेले दिसतात. नाशमार्क्ट बघायला जरूर जा, पण तिथे बसून जेवण्याचा माझा आग्रह नाही. दारात उभं राहून कुणी 'या, या' करत असेल आणि मेनूवर पदार्थांचे फोटो असतील, तर सरळ पुढे चला.

ज्याला आपण साधं, घरगुती हॉटेल म्हणू त्याला तिथे 'बाइझल' म्हणतात. लाकडी टेबलं, खडूने फळ्यावर लिहिलेले आजचे पदार्थ आणि ठरलेली गिऱ्हाइकं. सोमवार ते शुक्रवार दुपारी बऱ्याच ठिकाणी 'मिटाग्समेन्यू' असतो, म्हणजे सूप आणि एक मुख्य पदार्थ ठरावीक दरात, आपल्या राइस प्लेटसारखा. दोनच्या सुमारास तो संपतो. मुख्य जेवण दुपारी उरकून रात्री हलकं खाल्लंत, तर खिशालाही बरं.

वारांकडे बघा, विनवते. पाटीवर 'रूहेटाग' दिसलं तर तो आठवड्याच्या सुट्टीचा वार. बरीच बाइझल रविवारी किंवा सोमवारी बंद असतात आणि ऑगस्टमध्ये काही जण दोन-तीन आठवडे 'बेट्रीब्सउरलाउब'ची पाटी लावून गावाला जातात. रविवारी सुपरमार्केटंही बंद. आम्ही रविवारी संध्याकाळी पोचलो आणि दूध-पावासाठी अर्धा तास वणवण केली, तेव्हा कळलं की मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकानं उघडी असतात. शिवाय बऱ्याच स्वयंपाकघरांची आच दुपारी अडीच-तीनला बंद होते ती थेट संध्याकाळीच पेटते. राजवाडा बघून चार वाजता भुकेले बाहेर पडणाऱ्यांसाठी एक वाक्प्रचार लिहून ठेवा: 'डुर्खगेहेंड वार्मे क्युखे', म्हणजे दिवसभर गरम जेवण मिळेल. शनिवारी रात्रीचं टेबल मात्र आठवडाभर आधी सांगून ठेवा.

आता शब्द. इथे वेळ घालवा, कारण शाकाहारी माणूस फसतो तो नेमका इथेच. आईने पहिल्याच दिवशी एका बाइझलमध्ये 'फ्रिटाटेनझुपे' मागवलं. मेनूवरच्या वर्णनात होतं: धिरड्याच्या पातळ पट्ट्या घातलेलं सूप. समोर आलं ते सोनेरी, स्वच्छ, वर चिरलेल्या कांद्याच्या पातीसारखं हिरवं काहीतरी भुरभुरलेलं. धिरडं बघून तिचा चेहरा खुलला. चमचा तोंडाजवळ नेला, वास घेतला आणि तो तसाच खाली ठेवला. 'अगं, हे मांसाचं पाणी आहे.' होतंच. ते सूप गोमांसाच्या रश्श्यातच करतात. तिथल्या माणसाला ते सांगण्यासारखं वाटतच नाही, जसं आपण आमटीत फोडणी आहे असं सांगत नाही. वाढणाऱ्याचा काही दोष नव्हता, विचारायचं आम्हालाच सुचलं नव्हतं. बटाट्याच्या सॅलडचंही तेच: 'एर्डएप्फेलझालाट' दिसायला निष्पाप, पण त्यात बहुधा तोच रस्सा असतो. म्हणून 'इख एसे काइन फ्लाइश' (मी मांस खात नाही) एवढ्यावर थांबू नका; 'रिंडझुपे' म्हणजे गोमांसाचा रस्सा आहे का, 'श्पेक' म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे आहेत का, तेही विचारा. ही वाक्यं जर्मन स्पेलिंगमध्ये फोनवर ठेवा आणि सरळ दाखवा.

मांसाहारी मंडळी निर्धास्त असतात, त्यांनी जास्तच जपावं. 'वीनर श्निट्झेल' असं नुसतं लिहिलं असेल तर ते वासराचं. 'फोम श्वाइन' लिहिलं तर डुकराचं. 'टाफेलश्पिट्झ' म्हणजे उकडलेलं गोमांस. कोंबडी हवी तर 'हून' हा शब्द शोधा, टर्कीला 'पूटे' म्हणतात आणि 'बाकहेंडल' ही कुरकुरीत तळलेली कोंबडी आमच्या ह्यांना इतकी आवडली की पाच दिवसांत तीनदा झाली. पदार्थापुढे बारीक अक्षरं छापलेली दिसतात, ती अ‍ॅलर्जीसाठी: ए म्हणजे गहू वगैरे धान्य, सी म्हणजे अंडं, डी मासे, जी दूध. अंडं न खाणाऱ्यांना सी फार उपयोगी. मांसाला मात्र अक्षर नाही, त्यामुळे अक्षरांवर विसंबून सूप मागवू नका.

मग शाकाहाऱ्याने खायचं काय? अंडं चालत असेल तर 'केझेश्पेट्झले', म्हणजे चीजमध्ये घोळवलेले पिठाचे गोळे, वर तळलेला कांदा. किंवा 'आयरनॉकर्ल', म्हणजे तसेच गोळे अंड्यात परतलेले. आणि 'कायझरश्मार्न', यातही अंडं असतंच: जाड, फुगलेलं गोड धिरडं तव्यावरच फाडून, वर पिठीसाखर, बाजूला शिजवलेल्या आलुबुखाऱ्यांची वाटी. एका प्लेटमध्ये दोघांचं भागतं. पाणी मागताना 'लाइटुंग्सवासर' म्हणा, म्हणजे नळाचं. 1873 पासून या शहराला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी नळाने येतं, बाटली विकत घेण्यात काही अर्थ नाही. काही ठिकाणी नळाच्या पाण्याचेही थोडे पैसे लावतात, तेव्हा चकित होऊ नका.

कॉफीसाठी वेगळा वेळ राखून ठेवा, दोन प्रेक्षणीय स्थळांच्या मधली वीस मिनिटं नव्हेत. कॅफे सेंट्रल 1876 चं आहे, छत बघण्यासारखं आहे आणि बाहेर रांगही बघण्यासारखीच आहे. त्यापेक्षा सहाव्या विभागातलं 1880 चं श्पेर्ल गाठा: बिलियर्डची टेबलं, झिजलेल्या गाद्या, लाकडी दांडीत अडकवलेली वर्तमानपत्रं. नुसतं 'कॉफी' म्हणालात तर वेटर तुमच्याकडे बघत राहील. 'मेलांज' म्हणजे दुधाच्या फेसाची, 'क्लाइनर ब्राउनर' म्हणजे लहान काळी कॉफी आणि सोबत थोडं दूध, 'आइनश्पेनर' म्हणजे काचेच्या ग्लासात काळी कॉफी आणि वर घट्ट फेटलेल्या सायीचा डोंगर. कॉफी येते ती चकचकीत ट्रेवर, शेजारी पाण्याचा ग्लास आणि त्या ग्लासावर पालथा ठेवलेला चमचा. एका कपावर दोन तास बसा, कुणी उठवायला येत नाही. आमच्या वेटरकाकांनी मध्ये एकदा येऊन फक्त पाणी बदललं. चेहरा मात्र असा, की जणू आम्ही त्यांच्या दिवाणखान्यात न विचारता शिरलोय. मनाला लावून घेऊ नका, तो तिथला रिवाजच आहे.

हवा चांगली असेल तर एक संध्याकाळ 'हॉयरिगर'ला द्या. हे द्राक्षमळेवाल्यांचे स्वतःचे गुत्ते. सम्राट दुसऱ्या जोसेफने 1784 मध्ये मळेवाल्यांना स्वतःची वाइन घरी विकायची मुभा दिली, तेव्हापासूनची परंपरा. दारावर पाइनची डहाळी टांगलेली असली की उघडं. खाणं काउंटरवरून आपण आणायचं, पेय टेबलावर येतं. डी नंबरच्या ट्रामने नुसडॉर्फला उतरा. न पिणाऱ्यांसाठी द्राक्षाचा रस असतो, आईने त्याचे दोन ग्लास संपवले.

सुटे युरो जवळ ठेवा, फक्त रोख घेणारी ठिकाणं अजून आहेत. बिल टेबलावरच होतं. 'झुझामेन ओडर गेट्रेंट?' म्हणजे एकत्र की वेगवेगळं, एवढं ओळखा. टिप टेबलावर सोडायची नसते: 27 युरो 40 झाले तर तीस देऊन 'श्टिम्ट झो' म्हणा, म्हणजे बाकीचे ठेवा.

आणि परतीच्या बॅगेत शेजाऱ्यांसाठी मानरच्या गुलाबी पाकिटातली हेझलनट वेफर्स टाका. त्यांत अंडंही नाही आणि दूधही, त्यामुळे चतुर्थीवाल्या काकूंपर्यंत सगळ्यांना देता येतात. फक्त उपास सुटल्यावर.