ट्रान्सपोजचं बटण ग्रँडला नसतं: पियानो स्पर्धेआधी या चुका टाळा

कुडाळ, रत्नागिरी, चिपळूणकडची पुष्कळ मुलं शिकतात 61 पट्ट्यांच्या कीबोर्डवर आणि स्पर्धेत समोर येतो 88 पट्ट्यांचा पियानो. त्यात स्पर्धा सर्जनशीलता आणि अष्टपैलुत्व जोखणारी असली, तर एकच रचना घोटून भागत नाही. वेगवेगळ्या शैलींचे दोन-तीन तुकडे, एखादी स्वतःची रचना, कधी आयत्या वेळी मिळालेल्या चार सुरांवर वादन, असं सगळं येतं. चुका बहुतेक ठरलेल्याच असतात.

कीबोर्डच्या सवयी

हार्मोनियमच्या वळणाने शिकलेल्या मुलाला आवाज काळी एकचा (सी शार्प) हवा असतो, बोटं मात्र पांढरी एकमध्ये (सी) बसलेली असतात. मग ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं बटण, +1 करायचं आणि बोटं तीच ठेवायची. खऱ्या पियानोला हे बटणच नसतं. नाव नोंदवलं त्याच दिवशी ट्रान्सपोज शून्यावर आणा. सोबत गायक नसेल तर पांढरी एक कुणाला खुपत नाही. काळी एकच हवी असेल तर बोटं नव्याने बसवायला महिनाभर हाताशी ठेवा.

दुसरी अडचण वजनाची. साध्या कीबोर्डच्या पट्टीखाली स्प्रिंग असते, पियानोच्या पट्टीला हातोडा उचलायचा असतो. पट्टी साधारण 10 मिमी खाली जाते आणि ती हलायलाच 50 ग्रॅमच्या आसपास भार लागतो. म्हणून हळू वाजवायला गेलं की मधलेच सूर मुके राहतात. हे घरी कळत नाही. शाळेत, चर्चमध्ये, जिथे पियानो असेल तिथे विचारून चार-पाच बैठका करा. तिथे डावं पेडलही दाबून बघा. ग्रँड पियानोवर त्याने सगळ्या पट्ट्या किंचित बाजूला सरकतात, आणि हे ठाऊक नसलेलं मूल मंचावर दचकतं.

घरच्या कीबोर्डचं पेडल उलटं चालतंय, म्हणजे पाय उचलल्यावर सूर लांबतोय? नवं पेडल आणायची घाई नको. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची स्थिती वाचून घेतात. तेव्हा पाय पेडलवर असेल किंवा पेडल मागाहून जोडलं असेल तर उलटा अर्थ लागतो. बंद करा, पेडल जोडा, पाय बाजूला घ्या, मग चालू करा.

तीन शैली, हात एकच

कार्यक्रमपत्रिकेवर बाख, शोपँ आणि जॅझ लिहिलं म्हणजे अष्टपैलुत्व झालं, असं नाही. तिन्ही एकाच दाबाने आणि एकाच पेडलने वाजली तर परीक्षकाला एकच शैली ऐकू येते. बाखच्या 15 इन्व्हेन्शन्सचं (दोन्ही हातांत स्वतंत्र चाल असलेल्या छोट्या रचना) हस्तलिखित 1723 चं; त्या काळच्या हार्पसिकॉर्डला (तारा छेडणारं पट्ट्यांचं जुनं वाद्य) सूर लांबवणारं पेडल नव्हतं. तिथे पाय जमिनीवर ठेवा आणि डाव्या हाताला उजव्याइतकाच मान द्या. शोपँच्या नॉक्टर्नमध्ये (रात्रीचा भाव असलेली संथ रचना) उलट: डावा हात बराच दबका, आणि पेडल खालचा सूर वाजल्यानंतर बदलायचं. सुराबरोबरच बदललं तर मध्ये फट पडते. जॅझच्या स्विंगमध्ये, म्हणजे झुलत्या लयीत, सुरांच्या जोडीतला पहिला साधारण दुप्पट लांब असतो, पण लय वाढली की हा फरक कमी होतो. द्रुत लयीतही तो तसाच ठेवला की वादन लंगडतं.

घरी एक परीक्षा घ्या. पाच सुरांची एकच ओळ या तिन्ही पद्धतींनी वाजवायला सांगा आणि ओटीवर बसलेल्या माणसाला ओळखू द्या. त्याला ओळखता आलं नाही तर तयारी अपुरी आहे.

भूपाखाली सी-एफ-जी

राग पियानोवर आणायची कल्पना चांगलीच, पण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. उजव्या हातात भूप राग आणि डाव्यात सवयीचे सी, एफ, जी कॉर्ड (एकदम वाजवायचे सूर). सा म्हणजे सी धरा: एफ कॉर्डमध्ये मध्यम येतो, जी कॉर्डमध्ये निषाद, आणि भूपात हे दोन्ही सूर वर्ज्य. भूपाच्या पाच सुरांत पूर्ण बसणारे तीन सुरांचे नेहमीचे कॉर्ड दोनच, सी मेजर आणि ए मायनर. बाकी वेळ नुसता सा-प धरा, तोच जास्त शोभतो.

मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) पियानोवर निघत नाही, आणि त्याचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा 14 सेंटने (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. दरबारी रागाच्या आंदोलित, म्हणजे झुलत्या, गंधाराच्या वाटेला जाऊच नका. भूप, दुर्गा, हंसध्वनी सोयीचे. किरवाणी तर हार्मोनिक मायनरचेच सूर घेऊन येतो, त्यामुळे डाव्या हाताला कॉर्ड आयते मिळतात. तानपुरा अ‍ॅप लावणार असाल तर ते पियानोच्या सुराला मिळवून घ्या. पावसाळ्यात साउंडबोर्ड (तारांचा आवाज वाढवणारी लाकडी फळी) ओल धरून फुगतो आणि पियानो थोडा चढतो.

चार सूर आणि दीड मिनिट

समजा, सा रे ग प मिळाले. मूल पहिल्या वीस सेकंदांत येतं ते सगळं वाजवून टाकतं आणि मग वर-खाली धावत राहतं. मिनिटाला 80 मात्रांच्या लयीत चार मात्रांचा एक बार (आवर्तनासारखा भाग) 3 सेकंदांचा, म्हणजे दीड मिनिटात 30 बार. ते असे वाटा: 4 बार नुसते सूर, एका हाताने. 8 बार तेच खालच्या सप्तकात डाव्या हातात, शेवट बदलून. 8 बार उलटे, प ग रे सा, खाली शिमग्याच्या ढोलासारखा सा-पचा ठेका. 6 बार गंधार कोमल करून, आणि यातला एक बार चक्क गप्प. शेवटचे 4 बार मूळ सूर, सावकाश. सराव रोज नव्या चार सुरांवर करा. तेच सूर पुन्हा घेतले की ते पाठांतर होतं, आणि परीक्षकाला ते लगेच कळतं.

व्हिडिओ आणि मंच

प्रवेशिका व्हिडिओची असेल तर जून-जुलैत पत्र्याखाली रेकॉर्डिंग करू नका. फोनची आवाज-सफाई पावसाबरोबर पियानोच्या सुरांची शेपटीही खाते. ती सोय बंद करा, फोन दीड-दोन मीटरवर आडवा ठेवा, आणि सर्वांत जोरकस जागा आधी वाजवून आवाज फाटत नाही ना ते ऐका.

कोकण रेल्वेने जाणार असाल तर पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात. आदल्या दिवशी पोहोचा. घरी अनवाणी सराव झाला असेल तर शेवटचे आठ दिवस मंचावरच्याच बुटांत करा. दमट हवेत बोटं घामेजतात, त्यासाठी खिशात सुती रुमाल ठेवा. टाल्कम पावडर लावू नका: घामात तिचा चिखल होतो आणि तो पुढच्या मुलाच्या बोटांखाली येतो.