पॅरिश कौन्सिलवर नव्याने आलेल्यांसाठी

वसईतल्या आमच्या धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समाजात) नवी पॅरिश कौन्सिल, म्हणजे धर्मग्रामाच्या कारभारात फादरांसोबत बसणारी समिती, आली की पहिल्याच सभेत कोणीतरी विचारतंच, "आपल्याला नेमका अधिकार काय?" उत्तर लपवण्यासारखं नाही. १९८३ च्या कॅनन लॉचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचं, ५३६ वं कलम सांगतं, की कौन्सिलचे अध्यक्ष प्रमुख धर्मगुरू असतात आणि कौन्सिलचं मत सल्ल्यापुरतं असतं. हे कळल्यावर पुष्कळांचा उत्साह ओसरतो. तो ओसरू देऊ नका. नुसत्या सल्ल्याच्या जोरावर प्रापंचिकांनी, म्हणजे फादर किंवा सिस्टर नसलेल्या साध्या श्रद्धावंतांनी, धर्मग्रामाचं रूप पालटलेलं मी पाहिलं आहे. मात्र तो सल्ला गृहपाठ करून दिलेला होता.

एक उदाहरण सांगतो. नव्या इमारतींमधली मुलं रविवारच्या धर्मशिक्षणाला येत नाहीत, ही तक्रार आमच्याकडे सभेमागून सभा व्हायची. सगळे माना डोलवायचे आणि विषय पुढे ढकलला जायचा. मग तिथल्या छोट्या ख्रिस्ती समूहाच्या (शेजारपाजारच्या घरांच्या गटाच्या) ॲनिमेटर, म्हणजे बैठक चालवणाऱ्या, एका ताईंनी वही आणली. कुठल्या घरात किती मुलं, कोण कितवीत, कुणाच्या आईबाबांना रविवारीही कामावर जावं लागतं, कुठल्या सोसायटीचा हॉल मिळेल, शिकवायला कोण तयार आहे, सगळं त्यात लिहिलेलं. फादरांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि वर्ग सुरू करायचं त्याच सभेत ठरलं. म्हणून सभेत नुसती अडचण घेऊन जाऊ नका. किती घरांचा प्रश्न आहे, खर्च किती येईल आणि काम कोण करणार, एवढं तरी सोबत हवं.

या ताई जिथून आल्या तो छोटा ख्रिस्ती समूह हाच माझ्या मते धर्मग्रामाचा पाया. वसई १९९८ साली स्वतंत्र धर्मप्रांत (एका बिशपच्या हाताखालचा विभाग) झाली, त्याआधी आपण मुंबई महाधर्मप्रांतात होतो, आणि तिथे १९८० च्या दशकातच हे समूह उभे राहू लागले होते. कौन्सिलवर आलात तरी आपल्या आळीच्या बैठकीला जाणं सोडू नका. कोण आजारी आहे, कुणाची नोकरी गेली, कोण रुसून मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) येत नाही, हे कार्यालयात कळत नाही, बैठकीत कळतं.

शुभवर्तमानावर चिंतन करायची सात पायऱ्यांची पद्धत बहुतेक समूहांत चालते. वाचन, शांतता, सहभागिता छान होते, पण सहावी पायरी गाळून मंडळी थेट शेवटच्या प्रार्थनेला आणि चहाला लागतात. ही सहावी पायरी असते कामाची: या आठवड्यात कोण काय करणार? अमक्या आजींना डॉक्टरांकडे कोण नेणार, मयताच्या घरी जेवण कोण पोहोचवणार, हे नावानिशी ठरल्याशिवाय ॲनिमेटरने बैठक उठू देऊ नये.

आता पैसा. पॅरिश कौन्सिल कुठे असावी हे बिशप ठरवतात, पण वित्त समिती प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे, असं ५३७ वं कलम सांगतं. तिथे बसणाऱ्याला हिशेब वाचता यायला हवा, आणि नसेल येत तर शिकावा. सुरुवात रविवारच्या दानापासून करा. मिस्सा संपली की साक्रिस्तीतल्या (फादर जिथे तयारी करतात त्या खोलीतल्या) टेबलावर पिशव्या रिकाम्या होतात. नोटांच्या वेगवेगळ्या गड्ड्या, नाण्यांचे ढीग. मोजायला नेहमी किमान दोघं असावीत, तीही एका घरातली नकोत. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडा जुळला की चिठ्ठीवर दोघांच्या सह्या, आणि मगच पैसे कपाटात. "आपलीच माणसं आहेत, सह्या कशाला?" असं म्हणणारे भेटतील. आपलीच माणसं आहेत म्हणूनच सह्या करायच्या, म्हणजे उद्या कुणावर बोट उठणार नाही.

त्या ढिगात काही पाकिटंही निघतात. एकावर लिहिलेलं असतं "छपरासाठी", दुसऱ्यावर "गरिबांसाठी". ती वेगळ्या रकान्यात मांडा. ज्या कामासाठी दान दिलं गेलं त्याच कामासाठी ते वापरायचं, हा कॅनन लॉचा नियम आहे. सणाचा मंडप कितीही अडला तरी छपराच्या पैशाला हात लागता कामा नये. लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्यावा, हेही तिथेच म्हटलंय. वर्षाचा जमाखर्च सूचनाफलकावर लागला पाहिजे, हा आग्रह नव्या सभासदाने पहिल्या वर्षीच धरावा.

गरिबांच्या मदतीचं काम व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडे असतं. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी ती सुरू केली, म्हणजे मुळातच ती प्रापंचिकांची. भेटीला दोघांनी जायचं आणि त्या घरचं नाव बाहेर काढायचं नाही. कौन्सिलच्या सभेतसुद्धा नाही.

वेदीवरची सेवा सगळ्यांना दिसते, म्हणून तिला उमेदवार मिळतात. २०२१ पासून वाचकाची (मिस्सेत बायबलचं वाचन करण्याची) सेवा स्त्रियांनाही विधिवत मिळू शकते. एवढंच सांगेन: वाचन दोन-तीन दिवस आधी घरी मोठ्याने वाचून या.

फादरांशी मतभेद होणारच. आपलं मत मेंढपाळांना, म्हणजे फादर-बिशपांना, आदराने सांगणं हा श्रद्धावंतांचा हक्क आहे, प्रसंगी कर्तव्यही, असं २१२ वं कलम म्हणतं. पण ते आधी त्यांच्याशी एकांतात बोला, मग सभेत. मिस्सेनंतर चर्चच्या आवारात घोळक्यात किंवा व्हॉट्सॲपवर तो विषय काढलात, की फादर सावध होतात आणि चर्चेची वाट बंद होते. २०२४ च्या ऑक्टोबरात रोमच्या सिनडने (जगभरचे बिशप आणि इतर प्रतिनिधींच्या सभेने) अशा कौन्सिल सगळीकडे सक्तीच्या व्हाव्यात असं मागितलं आणि पोप फ्रान्सिस यांनी तो दस्तऐवज मान्य केला. तेव्हा ही वाट रुंदावतेच आहे.

फादरांची काही वर्षांनी बदली होते, आपण मात्र इथेच राहतो. नवे फादर आले की सहा महिने जुनेच प्रश्न पुन्हा चघळले जातात, कारण मागे काय ठरलं होतं ते कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून सचिवपद कुणी देऊ केलं तर आनंदाने घ्या. इतिवृत्तात भाषणं नकोत. काय ठरलं, का ठरलं, जबाबदारी कुणाची, कधीपर्यंत, एवढंच लिहा, आणि पुढच्या सभेची सुरुवात ते वाचूनच करा. मुदत संपायच्या वर्षभर आधी एखाद्या तरुणाला शेजारी बसवून वही त्याच्याकडून लिहून घ्यायला लागा.