केनियाला निघताय? पिवळं कार्ड आधी पासपोर्टात ठेवा

पासपोर्टची मुदत, तिकिटं, विमा, चष्म्याची दुसरी जोडी, रोजच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी. हे तुम्हाला कळतं, पुढे चला. केनियाला २०२४ पासून व्हिसा लागत नाही, ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, काढावा लागतो. टूरवाले काढून देतात, पण नाव आणि पासपोर्ट नंबर स्वतः अक्षर न् अक्षर ताडून बघा आणि छापील प्रत जवळ ठेवा.

आता पिवळं कार्ड. म्हणजे यलो फीव्हरची लस घेतल्याचं सर्टिफिकेट. गंमत अशी की भारतातून थेट जाणाऱ्याला केनियात उतरताना ते कुणी विचारत नाही. विचारतात परत आल्यावर, आपल्याच विमानतळावर. हा ताप आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा डास आहे, डेंग्यूवालाच. म्हणून तिकडून येणाऱ्याकडे कार्ड नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. मी लस अगदी वेळेत घेतली होती. ह्यांनीही. आणि दोन्ही कार्डं इतकी जपून ठेवली, इतकी जपून, की ती डोंबिवलीला गोदरेजच्या कपाटातल्या लॉकरमध्ये, मंगळसूत्राच्या डबीखाली राहिली. आमच्या बारा जणांतले दहा जण कार्ड दाखवून पुढे गेले. आम्ही दोघं बाकावर. फोनमध्ये फोटोसुद्धा नव्हता. मग समोरच्या ब्लॉकमधल्या काकांना पहाटे उठवलं, लॉकरची किल्ली कुठल्या डब्यात आहे ते फोनवरून सांगितलं (तांदळाच्या, आता जागा बदलली आहे), आणि ते बिचारे टॅक्सी करून आले. साडेचार तास. टूर लीडर पोरगा पट्ट्यावर फिरणाऱ्या आमच्या बॅगा धरून उभा.

तर लस आधी. ही नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. नंबर लावावा लागतो आणि ठरलेल्या दिवशीच जावं लागतं. पासपोर्ट न्यायचा, कारण त्याचा नंबर कार्डावर लिहितात. कार्ड लागू होतं लस घेतल्यापासून दहा दिवसांनी, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. महिना-दीड महिना आधीच उरकून टाका. एकदा घेतली की जन्मभर पुरते; पूर्वी दहा वर्षांची मुदत असे, ती २०१६ मध्ये गेली. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठीच्या पुढे असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, केंद्रावर जाऊन वाद घालू नका. कार्ड हातात आलं की तिथेच उभ्या उभ्या नाव आणि नंबर तपासा, फोटो काढा आणि कार्ड पासपोर्टच्या कव्हरात सरकवा. लॉकरमध्ये नाही. फाइलमध्ये नाही. पासपोर्टात.

मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारून घ्या. काही गोळ्या निघण्याआधीपासून सुरू कराव्या लागतात. ‘डासांचं मलम लावलं की झालं’ म्हणणारा एक तरी जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याचं ऐकू नका.

बॅग मऊ हवी. चाकांची कडक सुटकेस जीपच्या मागच्या जागेत मावत नाही. मग ती कुणाच्या तरी पायाशी येते आणि तो माणूस आठ दिवस तुमच्याशी तुटक बोलतो. छोट्या विमानाने मसाईमाराच्या अभयारण्यात जाणार असाल तर साधारण पंधरा किलोच, तेही हातातल्या सामानासकट. आणि कार्ड ह्या बॅगेत टाकायचं नाही. ही बॅग विमानाच्या पोटात जाते, कार्ड विचारतात ती आपल्या हाती यायच्या आधी.

प्लास्टिकच्या पिशव्या. आपली सवय म्हणजे पिशवीत पिशवी, तिच्यात चिवडा. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे आणि २०२० पासून अभयारण्यांत पाण्याच्या एकदा वापरून फेकायच्या बाटल्याही चालत नाहीत. मी उशीचे जुने अभ्रे नेले होते: एकात चपला, एकात धुवायचे कपडे. पाण्याला स्टीलची बाटली. एक अभ्रा रिकामा ठेवा. तिथे किलोभर तांदूळ भरून गाठ मारली की जीपच्या खिडकीवर कॅमेरा टेकवायला अशी उशी मिळते की ट्रायपॉडवाले बघत राहतात.

आफ्रिका म्हणजे ऊन, असं समजून मी सुती कुर्ते भरले आणि पहिल्या पहाटे कुडकुडले. मसाईमारा महाबळेश्वरापेक्षा उंचावर आहे. वाइल्डबीस्ट नावाच्या रानटी जनावरांच्या कळपांचं स्थलांतर बघायला आपण सगळे जुलै-ऑगस्टमध्ये जातो, तेव्हा तिथे थंडीचे दिवस असतात आणि पहाटे सहाला उघड्या छताची जीप निघते. स्वेटर, वर वाऱ्याचं जाकीट, कानटोपी. होय, कानटोपीच, लाजू नका. गडद निळा आणि काळा रंग टाळा, चावणारी त्से-त्से माशी त्या रंगांवर येते. लष्करी ठिपक्यांचे कपडे अजिबात नकोत, तिथे सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे. अंबोसेलीच्या अभयारण्यातली धूळ पिठासारखी बारीक असते, नाकातोंडाला बांधायला ओढणी किंवा पंचा घ्या.

खायचं फार नेऊ नका. आमच्यातल्या एकींनी साठ थेपले आणले होते, त्यातले चाळीस परत आले. तिथल्या गुजराती लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या आहेत आणि केनियन माणूसही चपातीला चपातीच म्हणतो, समोसा आवडीने खातो. कोरडी चटणी आणि मेतकूट पुरे.

डॉलर नव्या छपाईचे मागून घ्या. २०१३च्या आधीच्या किंवा दुमडलेल्या, शिक्का मारलेल्या नोटा तिथे परत करतात. थोड्या सुट्ट्या नोटा ड्रायव्हर-गाइडसाठी वेगळ्या ठेवा, आणि कुणी किती द्यायचे ते बारा जणांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाका. शेवटच्या संध्याकाळी ती चर्चा फार वाईट होते. पैशांच्या पाकिटात कार्ड नाही ठेवायचं. कुठे ठेवायचं ते सांगितलं आहे.

छोट्या ग्रुपचं अजून एक. चाळीस जणांच्या बसमध्ये तुमचा उशीर खपून जातो, सहा जणांच्या जीपमध्ये नाही. सकाळी घालायचे कपडे रात्रीच काढून ठेवा आणि पहाटे चहा बेतानेच प्या, कारण सिंह शेजारी असताना गाडीतून उतरता येत नाही.

बाकी भराभर. प्लगला तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर. दुर्बीण प्रत्येकाची वेगळी, नवराबायकोत एक नेऊ नका, भांडण होतं. ड्रोन घरी. घड्याळ अडीच तास मागे. घराची किल्ली शेजारी.

निघायच्या रात्री पासपोर्ट उघडा. कार्ड दिसतंय? दोघांचं? परतीच्या दिवशी हॉटेलात पुन्हा बघा.

आणि येताना केनियन कॉफीची पाकिटं एक-दोन जास्त घ्या. आम्ही दोन आणली होती, दोन्ही समोरच्या काकांकडे गेली.