सरावाची रेस कशी करायची: घड्याळाला चिकटपट्टी आणि बाकीचं

मागच्या वर्षी जुलैत मी एका रेसला घड्याळावर काळी चिकटपट्टी लावून गेले, ती वायरला गुंडाळतात ना तीच, आणि स्टार्टला शेजारी उभ्या पोराने विचारलं, मॅडम घड्याळ फुटलं का? म्हटलं नाही रे, मी फुटू नये म्हणून लावलीये. त्याला काही कळलं नाही, आणि दोन वर्षांपूर्वी मलाही कळलं नसतं.

मी नेरूळची, वय ४४, नोकरी आहे, घरी दोन मुलं आहेत, ट्रायथलॉन (पोहणं, सायकल, धावणं, सलग) करायला लागून चार वर्षं झाली आणि अजून मधल्या गर्दीतलीच आहे. तर हे कोचचं ज्ञान नाही, चुका करून जे हाती लागलं ते आहे. दरवर्षी जून आला की कोणीतरी विचारतंच की ऑक्टोबरात गोव्याची मोठी ट्रायथलॉन आहे, त्याआधी बारक्या बारक्या रेस लावू का. लावा, पण त्या कशा करायच्या ते आधी बघा.

सरावाची रेस म्हणजे काय, तर आदल्या आठवड्यात ट्रेनिंग कमी न करता, दमलेल्या पायांनी, आठवड्याच्या हिशोबात बसवलेली रेस. बिब (छातीवरचा नंबर) असतो, वेळ मोजणारी चिप असते, मेडलही मिळतं, पण तुम्ही तिथे काहीतरी तपासायला गेलेले असता. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात भोंगा वाजला की माणसाचं डोकं फिरतं. माझी पहिली अशी रेस म्हणजे इथलीच एक छोटी डुएथलॉन, ५ किमी धावणं, २० किमी सायकल, परत अडीच किमी धावणं. ठरवलं होतं की आरामात करायची. पहिले ५ किमी मी आयुष्यातल्या सगळ्यात फास्ट वेळेत पळाले कारण पुढे एक काकू होत्या आणि त्या काही केल्या मागे पडत नव्हत्या. सायकलवर मांड्या भरून आल्या, शेवटचे अडीच किमी जवळजवळ चालले, आणि नंतर दहा दिवस काहीच धड झालं नाही, दोन लॉन्ग राईड बुडाल्या. काकूंना पोडियम मिळालं, वर त्या भेटून छान बोलल्या हे वेगळंच.

आपलं कॅलेंडर उलटं आहे

नेटवरून जे १६-२० आठवड्यांचे प्लॅन उतरवतो ते थंड देशातले असतात, त्यात सीझनची सुरुवात म्हणजे एप्रिल-मे, बर्फ वितळलाय वगैरे. आपल्याकडे मोठ्या रेस पावसाळा संपल्यावर, गोव्याची ७०.३ (म्हणजे अर्धी आयर्नमन: १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१ किमी धावणं) ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मालवणला चिवला बीचवरचं समुद्रातलं पोहणं डिसेंबरात. म्हणजे आपल्या सरावाच्या रेसचे महिने जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, नेमके पावसाचे. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन ऑगस्टमधलीच, ज्या वर्षी असेल त्या वर्षी तिची २१ किमी यासाठी मस्त आहे, रस्त्यात माणसं टाळ्या वाजवत उभी असतात आणि चढउतारही मिळतात.

किती लावायच्या? मी तीन म्हणते. पहिली मुख्य रेसच्या बारा-तेरा आठवडे आधी, दुसरी आठ आठवडे आधी, शेवटची चार-पाच आठवडे आधी, त्यानंतर काही नाही. दर रविवारी रेस लावणारे आमच्या ग्रुपमध्ये आहेत, त्यांच्याकडे टी-शर्ट खूप आहेत.

एका रेसला एकच प्रश्न

काळी पट्टी इथे येते. रेसला जायच्या आधी वहीत एक प्रश्न लिहायचा, आणि रेसमध्ये फक्त त्याचंच उत्तर शोधायचं. मागच्या जुलैचा माझा प्रश्न होता, आकडे न बघता नुसत्या श्वासावर मला पेस, म्हणजे पळण्याचा ठरलेला वेग, धरता येतो का. म्हणून पट्टी. नियम असा की धावताना एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, मी मनातल्या मनात नाही, खरंच मोठ्याने बोलत होते, लोक बघत होते, बघू देत. घरी येऊन पट्टी काढली तर पहिले तीन किमी ठरवलेल्यापेक्षा किलोमीटरमागे वीस सेकंद फास्ट. म्हणजे मला जे आरामाचं वाटतं ते सुरुवातीला आरामाचं नसतंच. गोव्यात पहिले तीन किमी अगदी म्हाताऱ्यासारखं पळायचं हे त्या दिवशी ठरलं.

बाकी प्रश्न असे असू शकतात: सायकलवर तासाला एवढं खाल्लं तर पोटात टिकतं का, सायकलवरून उतरल्यावर पायांचे दगड होतात ते किती मिनिटांनी सुटतात, हार्टरेट अमुकच्या वर जाऊ न देता वेळ काय येते. प्रश्न दोन ठेवले की दोन्हीची उत्तरं अर्धवट मिळतात. आणि प्रश्नात वेळ नको. 'अडीच तासात होतं का' हा प्रश्न नाही, तो हट्ट आहे.

ट्रान्झिशन

ट्रान्झिशन म्हणजे पोहून सायकलवर आणि सायकलवरून धावायला जाताना सामान बदलायची जागा. इथे फुकटची मिनिटं मिळतात आणि पेनल्टीही. हेल्मेटचा बक्कल लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि परत येऊन सायकल रॅकवर टांगेपर्यंत बक्कल काढायचा नाही. माउंट लाइन, म्हणजे रस्त्यावर आखलेली रेघ, ओलांडल्यावरच सायकलवर बसायचं, येताना लाइनच्या आधीच उतरायचं. इअरफोन चालत नाहीत. ७०.३ मध्ये पुढच्या सायकलच्या मागे चिकटून जाता येत नाही, तुमच्या पुढच्या चाकापासून त्याच्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर लागतं, आणि ओव्हरटेक करायला शिरलात तर २५ सेकंदांत पुढे निघायचं. १२ मीटर डोळ्यांना कळत नाही म्हणून आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने आखून बघितलं, जवळजवळ तीन मोटारी मावतात. वॉचमन काकांना वाटलं रांगोळी स्पर्धा आहे.

त्याच पार्किंगमध्ये टॉवेल अंथरून, बूट-मोजे-टोपी क्रमाने लावून, दहा वेळा सराव करा. इलास्टिकच्या लेस घ्या, मोज्यांत टाल्कम पावडर टाकून ठेवा, ओल्या पायात मोजा घालणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. मी पावसाळ्यात दोन जोड ठेवते, एक झिपच्या पिशवीत.

पाऊस

टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा दहाएक पीएसआय कमी ठेवा. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटारांची झाकणं आणि पेव्हर ब्लॉक या तिन्हींवर वळताना ब्रेक मारायचा नाही, आधीच वेग कमी करून सायकल सरळ ठेवून जायचं. रिम ब्रेक (चाकाची कड पकडणारे) असतील तर ओल्यात पकडायला वेळ लागतो, नेहमीच्या आधी दाबायला लागा. पाणी साचलेला खड्डा किती खोल आहे ते वरून कळत नाही, म्हणून डबक्यातून सायकल घालायची नाही, मग दोन सेकंद गेले तरी चालतील. माझ्या एका मैत्रिणीचं कॉलरबोन अशाच एका डबक्यात गेलं आणि सीझनही.

आणि हे जरा गंभीरपणे घ्या, पायाला कापलेलं, सोललेलं असेल तर तुंबलेल्या पाण्यातून पळू नका. लेप्टो (उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येणारा ताप) आपल्याकडे दर पावसाळ्यात असतो. तसं पाणी तुडवून आलात आणि जखम होती तर घरी बसून वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं, प्रतिबंधाची गोळी द्यायची की नाही ते ते ठरवतील.

पावसाचं अजून एक म्हणजे आपण भिजलेले असतो म्हणून वाटतं गार आहे, पण हवेत इतका दमटपणा असतो की घाम सुकतच नाही, अंग तापत जातं आणि त्याच पेसला हार्टरेट चढत जातो. त्यामुळे जुलैमधला पेस बघून रडू नका. जुलैची तुलना जुलैशीच करा.

समुद्राचं काय, तर काही नाही. कोळी लोकसुद्धा जून-जुलै बोटी ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्यावरच दर्यात जातात, आपण कोण लागून गेलो. तलाव-धरणांतही पावसाळ्यात उतरू नका. पूलमध्येच ओपन वॉटरचं नाटक करायचं: एका लेनमध्ये तिघं शेजारी शेजारी, भिंतीला हात-पाय न लावता अलीकडूनच वळायचं, कारण भिंतीला लाथ मारून जो आराम मिळतो तो समुद्रात नसतो, आणि दर सहा-आठ हातांनी मगरीसारखे फक्त डोळे वर काढून समोरचं घड्याळ बघायचं. ७०.३ चं पोहणं १.९ किमी, कटऑफ, म्हणजे त्याच्या आत पाण्याबाहेर यायचं, १ तास १० मिनिटं. वेटसूटचा (थंड पाण्यात घालायचा रबरी सूट) खर्च करू नका, पाणी २४.५ अंशांच्या वर असेल तर तो चालतच नाही आणि गोव्याचं पाणी कोमट असतं.

खाणं

मी जेवढी माती खाल्लीये ती इथे. एका रेसच्या आदल्या दिवशी संकष्टी होती, रात्री चंद्रोदयानंतर जेवायच्या ऐवजी उरलेली साबुदाणा खिचडीच चापली, शेंगदाण्याचं कूट भरपूर, तूप भरपूर. सकाळी धावण्याच्या तिसऱ्या किलोमीटरला जे पोटात सुरू झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, एका पेट्रोल पंपाचे उपकार आहेत एवढंच सांगते. आता आदल्या रात्री आमटी-भात, लवकर, आणि सकाळी दोन-अडीच तास आधी ब्रेड-जॅम नाहीतर केळं आणि चहा. संकष्टी असली तर आई रागावते, रागावू दे.

रेसमध्ये तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट हा साधारण हिशोब. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात, बहुतेक जेलमध्ये (रेसमध्ये चोखायची गोड पाकिटं) तेवढेच. पण पोटालाही सराव लागतो, एकदम ६० वर जाऊ नका, पहिल्या रेसला ३०, दुसरीला ४०-४५ असं वाढवा. मला सायकलवर मीठ लावलेला उकडलेला बटाटा आणि खजूर चालतात, चिक्की दातात अडकते आणि श्वास घेताना ठसका लागतो, तिच्या नादी लागू नका. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं आणि सायकलची बाटली ७५० मिलीची, सगळं पाकीट त्यात ओतलं की पाणी घट्ट होतं, पोट बिघडतं. घरी लिटरच्या बाटलीत कालवून मग भरा. नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर ढोसणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं.

घाम किती जातो ते सरावाच्या रेसलाच मोजा. आधी आणि नंतर, अंग पुसून, ओले कपडे काढून वजन करा. माझं ५८.४ होतं ते ५७.१ झालं, मध्ये अर्धा लिटर प्यायले होते, म्हणजे दोन तासांत १.८ लिटर गेलं, तासाला जवळपास ९०० मिली. मी तेव्हा त्याच्या एक चतुर्थांशाच्या आसपास पीत होते आणि वर विचारत होते की शेवटी डोकं का दुखतं. सगळं भरून काढायचं नसतं, पण एवढा फरकही नको.

रेसच मिळाली नाही तर

घरची लावा. आम्ही सात-आठ जण सप्टेंबरात करतो, एन्ट्री फी म्हणजे नंतरचा मिसळपाव. पूलमध्ये ७५० मीटर, २५ मीटरच्या पूलला ३० फेऱ्या, मग ओल्या केसांनीच सायकल काढून पाम बीच रोड, वाशीकडून बेलापूरच्या किल्ल्याच्या चौकापर्यंत जाऊन-येऊन अठरा-वीस किमी होतात, मग ५ किमी धावणं. पाम बीच सपाट आहे म्हणून फसवा आहे. खाडीकडून आडवा वारा येतो आणि गाड्या सुसाट असतात, म्हणून उजाडायच्या आधी निघा, पुढे-मागे लाइट, एकामागे एक, सिग्नल पाळायचे, रेस असली तरी. सिग्नलला थांबलेला वेळ कोणी मोजत नाही. चढ पाहिजे असेल तर ठाणेकरांना येऊरचा डोंगर आहे, पण पावसाळ्यात शनिवार-रविवारी तिथे अख्खं ठाणं भजी खायला येतं, मधल्या वारी जा. खारघरला पांडवकड्याच्या धबधब्याकडे पावसात पोलीस सोडत नाहीत, तिकडे वाद घालायला जाऊ नका.

आमच्या ग्रुपमधले एक काका, साठीला आलेले, या घरच्या रेसला दरवेळी शेवटचे येतात आणि दरवेळी गोव्यात आमच्यातल्या निम्म्यांच्या पुढे असतात. विचारलं काका कसं काय, तर म्हणाले, अगं मी सप्टेंबरात दमत नाही.

रेस झाल्यावर

मुंबईत रेस असेल तर रविवारचा लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) आदल्या रात्रीच बघून ठेवा, हार्बर लाइनला सकाळी अकराच्या सुमाराला सुरू होतो आणि नेमकं तेव्हाच आपण मेडल गळ्यात घालून स्टेशनवर पोचतो. घरी आल्यावर झोपायच्या आधी सायकल धुवा, चेन पुसून तेल घाला, नाहीतर आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी गंज. दोन-तीन दिवस हलकंच, पोहणं किंवा चालणं. चौथ्या दिवशी पाय ठीक असतील तर प्लॅनमध्ये परत. ठीक नसतील तर समजा की तुम्ही सराव केला नाही, रेस केली.

आणि वही त्याच संध्याकाळी भरायची, उद्या नाही, उद्यापर्यंत मन सगळं गोड करून ठेवतं. माझी मागच्या सप्टेंबरची नोंद जशीच्या तशी देते: 'प्रश्न – तासाला ४५ ग्रॅम झेपतं का. उत्तर – सायकलवर हो, धावताना नाही, दुसरं जेल अर्धंच गेलं. बटाटे लहान कापणे. गॉगलला धुकं आलं, बेबी शाम्पू लावायला विसरले. डावा मोजा उलटा घातला होता, घरी आल्यावर कळलं.'