लोणावळा ते कर्जत, राजमाचीमार्गे चालत: निघायच्या आधी काय काय बघायचं

लोणावळ्याहून सकाळी निघायचं, तुंगार्लीकडून राजमाचीच्या रस्त्याला लागायचं, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडी गावात जेवायचं आणि दुपारी कोंढाणे लेण्यांच्या बाजूने कोंदिवड्याला उतरून टमटमने कर्जत स्टेशन गाठायचं, असा हा साधा प्लॅन. लोकं तयारी करतात ती पहिल्या पंधरा-सोळा किलोमीटरची, कारण आकडा मोठा दिसतो. पण तो सगळा कच्चा जीपरोड आहे, चढ-उतार फार नाहीत, रोज थोडंफार चालणारा माणूस चार-पाच तासात आरामात जातो. खरी परीक्षा नंतर असते, उधेवाडीपासून खाली साधारण पाचशे मीटर सलग उतार, दगड, माती, झाडांची मुळं, आणि तोपर्यंत पाय आधीच थकलेले. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, तयारी उताराची करा, मग बाकीचं आपोआप होतं.

सगळ्यात आधी गुडघे. घरातले जिने उतरताना दुखत असेल तर हीच वाट उलटी करा ना, कर्जतहून कोंदिवडे, तिथून चढून उधेवाडी, रात्री मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सपाटीने लोणावळा. चढताना दम लागतो पण दम काय, पाच मिनिटं बसलं की परत येतो, गुडघ्याचं तसं नसतं. उतरायचंच असेल तर दोन-तीन आठवडे आधीपासून जिने चढा-उतरा, उतरण्यावर जास्त भर द्या, आणि सोबत काठी ठेवाच. गावात मागितली तर बांबूची मिळते, महागडी ट्रेकिंग पोल घ्यायलाच पाहिजे असं काही नाही.

बूट नवे नकोत. शोरूममधून आणले आणि थेट इथे घातले तर उतारावर अंगठा पुढे आपटून नखं काळी होतात, आधी आठ-पंधरा दिवस रोजच्या चालण्यात वापरा, नखं कापून या, आणि तळव्याची ग्रिप हात फिरवून बघा, झिजली असेल तर पावसाळ्यात ओल्या कातळावर उभंसुद्धा राहता येणार नाही. मोज्यांचे दोन जोड जास्तीचे, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. पावसाळ्यात एक जोड उधेवाडीत जेवायला बसाल तेव्हा बदला, भिजलेल्या मोज्यात उतरलं की फोड येणार म्हणजे येणार.

आता सीझन. जुलै-ऑगस्टमध्ये हा भाग बघण्यासारखा असतो हे खरं, उल्हास नदीचं खोरं ढगांनी भरलेलं असतं, पण लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा याच दोन महिन्यात. ओढ्याला पाणी चढलं की थांबायचं, दोरी धरून वगैरे पार करायला जायचं नाही, पाणी गुडघ्याच्या वर आणि गढूळ असेल तर मागे फिरा किंवा ओसरेपर्यंत बसून राहा. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात, ही वाट पुणे जिल्ह्यात सुरू होते आणि रायगडात संपते, तेव्हा पावसाळ्यात धबधबे-धरणांवर बंदीचे आदेश निघतात ते दोन्ही जिल्ह्यांचे बघायचे, एका बाजूला चालू आणि दुसऱ्या बाजूला बंद असं होऊ शकतं. पहिल्यांदा जात असाल तर मला विचाराल तर नोव्हेंबर ते जानेवारी, वाट कोरडी, हवा थंड, दरी स्वच्छ दिसते. मेच्या शेवटी, जूनच्या सुरुवातीला काजव्यांसाठी गर्दी होते, त्यात गेलात तर टॉर्च काजव्यांच्या झाडांवर मारू नका, प्लीज, त्यांचा सगळा कारभारच त्या लुकलुकण्यावर चालतो.

पाणी: माणशी तीन लिटर घेऊन निघा, पावसाळा सोडला तर लोणावळा सोडल्यावर उधेवाडीपर्यंत भरवशाचं पाणी धरून चालू नका, मग उधेवाडीत परत सगळ्या बाटल्या भरा, कारण उतरताना तहान जास्त लागते. ओआरएसच्या दोन पुड्या, क्रेप बँडेज, फोडांसाठी पट्ट्या, नेहमीच्या गोळ्या. खायला चिक्की लोणावळ्यातच मिळते, बरोबर शेंगदाणे-गूळ, खजूर, बास. जेवण उधेवाडीत घरगुती मिळतं, पिठलं-भाकरी, ठेचा, भात, पण आदल्या दिवशी फोन करून माणसं किती ते सांगून ठेवा, अचानक दहा जण दारात उभे राहिले तर त्या घरच्या बाईने काय करायचं? पैसे रोख ठेवा, सुट्टे. रेंज जाते-येते, त्यामुळे मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा आणि घरी कोणालातरी सांगून ठेवा की कोंदिवड्याला उतरणार, किती वाजेपर्यंत.

वेळेचं गणित लिहूनच ठेवा. सहाला लोणावळा सोडलं तर अकरापर्यंत उधेवाडी, जेवण, थोडी विश्रांती, आणि दीडच्या आत उतरायला सुरुवात. राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले बघायचेत तर एका दिवसात हे सगळं कोंबू नका, मुक्काम करा, सकाळी किल्ले आणि मग खाली. उतरायला दोन-अडीच तास लागतात, जंगलात फाटे आहेत, गावातून निघताना कोंढाणे लेण्यांची वाट नीट विचारून घ्या, शंका असेल तर गावातलाच कोणी वाटाड्या बरोबर घ्या आणि त्याचे पैसे खुशीने द्या. टॉर्च प्रत्येकाकडे हवा, दिवसाचाच ट्रेक आहे असं म्हटलं तरी हवा, झाडीत संध्याकाळ लवकर होते.

त्या दोन-अडीच तासात कोंढाणे लेण्यांचा अर्धा तास धरलेला नाही, तो वेगळा काढा. इसवी सनाच्या आधीची बौद्ध लेणी आहेत, चैत्य म्हणजे प्रार्थनेचं दालन आणि विहार म्हणजे भिक्खूंची राहायची जागा, बोरघाटाच्या जुन्या व्यापारी वाटांच्या आधाराने वसलेली. चैत्याच्या दर्शनी भागात यक्षाच्या मूर्तीचं नुसतं डोकं उरलंय, त्याच्याजवळ ब्राह्मी लेख आहे, कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं असा. एवढ्या लांबून चालत येऊन लोकं तिथे पावसाळ्यात फक्त वरून पडणाऱ्या पाण्याखाली फोटो काढतात आणि जातात, मला खूप वाईट वाटतं. नावं कोरू नका, कचरा सगळा परत आणा, त्यासाठी एक रिकामी पिशवी आधीच सॅकमध्ये टाका.

शेवटी परतीचं. कोंदिवड्याहून टमटम अंधार पडायच्या आत गाठा, नंतर मिळेल याची खात्री नाही. मुंबईकरांना कर्जतहून लोकल आहे, टेन्शन नाही. पुणेकरांनी मात्र आधी टाइमटेबल बघा, पुण्याची लोकल लोणावळ्यालाच संपते, कर्जतहून पुण्याला घाट चढणारी एक्सप्रेसच पकडावी लागते. संध्याकाळच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून ठेवा, कारण फोनची बॅटरी तोपर्यंत फोटो काढून काढून संपलेली असते, आणि हो, पॉवरबँक.