इंग्रजीत उपमा लिहिताना या चुका टाळा: वावरात पऱ्हाटी (कपाशी), वहीत बर्फ

'माय फादर इज ॲज पुअर ॲज अ चर्च माउस.' शेतकऱ्यावरच्या इंग्रजी निबंधात हे वाक्य हमखास भेटते. व्याकरण बिनचूक. पण गावात चर्च नाही आणि लिहिणाऱ्या पोट्ट्याला चर्चमधला उंदीरच गरीब का, हे सांगता येत नाही. चर्चमध्ये स्वयंपाकघर नसते, म्हणून तिथला उंदीर उपाशी, अशी त्यामागची कल्पना. गाइडमधून उचललेल्या उपमेत हा धागाच हरवतो आणि बाप किती गरीब ते वाचणाऱ्याला कळत नाही ते नाहीच.

मराठीच्या तासाला आपण उपमेचे चार भाग शिकतो: उपमेय, उपमान, साधर्म्यवाचक शब्द आणि साधारण धर्म. इंग्रजीच्या तासाला मात्र हे सारे विसरून तीस-चाळीस तयार उपमांची यादी घोकतो. चारही भाग इंग्रजीत तसेच लागू पडतात. 'द कॉटन इज ॲज व्हाइट ॲज मिल्क' यात कापूस उपमेय, दूध उपमान, पांढरेपणा साधारण धर्म आणि 'ॲज-ॲज' साधर्म्यवाचक. उपमा बिघडली की आधी साधारण धर्मावर बोट ठेवा. तिथे बोट ठेवता आले नाही, तर बिघाड तिथेच आहे.

'ॲज' आणि 'लाइक' यांची अदलाबदल

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. 'माय अंकल वर्क्स ॲज अ बुलक' असे लिहिले, तर काका बैलाच्या नोकरीवर आहेत असा अर्थ होतो. हवे होते 'लाइक अ बुलक'. नामाआधी एकटा 'ॲज' आला की तो बहुधा खरा हुद्दा किंवा काम सांगतो, 'लाइक' फक्त साम्य सांगतो. 'ही वर्क्स ॲज अ सालदार' म्हणजे तो सालदारच, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी आहे. 'ही वर्क्स लाइक अ सालदार' म्हणजे वावर त्याचे स्वतःचे, पण राबतो सालदारासारखा. एका शब्दाने मालकी बदलते, आणि आपल्याकडे हा फरक काही लहान नाही.

दुसरी खोड म्हणजे दोन्ही एकत्र करणे: 'ॲज स्वीट लाइक हनी'. डोक्यात 'सारखा' असतो, म्हणून 'सेम लाइक हिज फादर' असेही निघते. 'ॲज'ने सुरुवात केली तर शेवटही 'ॲज'नेच करा. पहिला 'ॲज' गाळला तरी चालते, 'ब्रेव्ह ॲज अ टायगर' बरोबर आहे. दुसरा मात्र गाळता येत नाही. आणि मधले विशेषण साधेच ठेवायचे. 'ॲज स्वीटर ॲज' कुठेच चालत नाही.

पुढे अख्खे वाक्य येणार असेल तर 'ॲज इफ' घ्या: 'ही रॅन ॲज इफ अ टायगर वॉज बिहाइंड हिम.' मराठीत 'जणू' आले की आपण उत्प्रेक्षा म्हणतो. इंग्रजीच्या पेपरात 'ॲज इफ'ची तुलनाही साधारणपणे सिमिलीत, म्हणजे उपमेतच धरतात. तिथे उत्प्रेक्षेचा वेगळा खण शोधत बसू नका.

शब्दांची जागा आणि 'अ'

शंकरपटातली, म्हणजे बैलांच्या शर्यतीतली जोडी मराठीत वाऱ्यासारखी पळते, म्हणून वहीत येते 'द बुल्स लाइक विंड रॅन'. इंग्रजीत क्रियापद आधी, उपमान मागून: 'द बुल्स रॅन लाइक द विंड.' मोजता येणाऱ्या एका वस्तूआधी 'अ' किंवा 'ॲन' लागतो, 'लाइक अ स्टोन'. दूध, कोळसा, सोने, मेघगर्जना यांना तो लागत नाही. 'लाइक अ थंडर' दिसले की 'अ' खोडा.

जनावर तेच, गुण वेगळा

ही चूक व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याची तीच. 'माय मदर इज लाइक अ काउ.' लिहिणाऱ्याच्या मनात गरीब गाय असते, सोसणारी, कुणाच्या वाटेला न जाणारी. इंग्रजीत मात्र बाईला 'काउ' म्हणणे ही सरळ शिवी आहे. मायचा मवाळपणाच सांगायचा असेल तर 'ॲज जेंटल ॲज अ लॅम्ब' लिहा. घुबडाचे उलट आहे. आपल्याकडे ते घरावर बसले तरी म्हातारी माणसे अस्वस्थ होतात. इंग्रजीत 'ॲज वाइज ॲज ॲन आउल' ही शहाणपणाची पावती. गाढव आपल्याकडे मूर्ख, तर इंग्रजीतले 'म्यूल' म्हणजे खेचर हट्टी.

काकडीनेही पुष्कळांना फसवले आहे. माठातल्या पाण्याला 'ॲज कूल ॲज अ क्युकंबर' म्हणू नका. ही उपमा माणसाच्या स्वभावाची: गडबडीतही जो शांत राहतो, त्याची.

प्रत्येक 'लाइक' म्हणजे सिमिली नव्हे

कवितेच्या रसग्रहणात अलंकार ओळखताना पोरे 'लाइक' दिसला की सिमिली ठोकून मोकळी होतात. 'आय लाइक ऑरेंजेस' यात आवड आहे, उपमा नाही. 'ॲज द सन रोज' यातला 'ॲज' वेळ सांगतो. 'माय ब्रदर इज ॲज टॉल ॲज माय फादर' हीदेखील उपमा नव्हे. माणसाची माणसाशी उंची मोजली, बस. उपमेत दोन गोष्टी वेगळ्या जातीच्या लागतात. भाऊ ताडाएवढा उंच झाला की ती उपमा.

आणि नुसते 'सिमिली' लिहून थांबू नका. कशाची तुलना कशाशी, कोणत्या गुणावरून आणि कोणत्या शब्दाने, हे एका वाक्यात लिहा. मराठीतले तेच चार भाग.

बर्फ सोडा, वावराकडे पहा

राज्यातल्या सहा व्याघ्र प्रकल्पांपैकी पाच विदर्भात आहेत: मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि बोर. तरी आमच्या निबंधातला शूर माणूस म्हणजे सिंहच, आणि पांढरे काही असले की ते बर्फच. 'ॲज व्हाइट ॲज स्नो' चूक नाही, पण पंचेचाळीस अंशांच्या उन्हावरचा निबंध लिहिताना बर्फाची आठवण कुणाला व्हावी?

उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, त्या तुम्ही पाहिल्या आहेत. 'इन मे द ब्लॅक सॉइल क्रॅक्स लाइक ड्राय लिप्स.' होळीच्या सुमारास पळस फुलतो: 'द पळस फ्लॉवर्स ग्लो लाइक एम्बर्स.' दोन्हीत साधारण धर्म चटकन सापडतो, आणि वऱ्हाड न पाहिलेल्यालाही वाक्य कळते. ही अट महत्त्वाची आहे. 'ॲज ड्राय ॲज अ तुराटी' लिहिले तर तुराटी म्हणजे तुरीची वाळलेली काडी, हे बाहेरच्याला कसे कळणार? तिथे 'ड्राय स्टॉक' म्हणा, नाहीतर तुराटी म्हणजे काय ते आधी एका वाक्यात सांगा.

एका परिच्छेदात एक उपमा पुरते. बोंडे आधी दुधासारखी, मग मोत्यांसारखी, मग चांदण्यांसारखी झाली की वाचणाऱ्याला कापूस दिसेनासा होतो. सर्वांत नेमकी एक ठेवा, बाकीच्या खोडा.

'ॲज ब्लॅक ॲज कोल' ही यादीतली उपमा आपल्याला खरेच जवळची. चंद्रपूर-वणीकडे कोळशाच्या खाणीच आहेत. ती अमावस्येच्या रात्रीला लावा, ओल्या काळ्या मातीला लावा. 'माय फ्रेंड'च्या निबंधात मित्राच्या रंगाला लावू नका. ते इंग्रजीतही टोचते आणि वर्गातही. त्याच्या चालण्याची, हसण्याची नाहीतर लांबून ओळखू येणाऱ्या हाकेची उपमा शोधा.