ऑप्टिप्लेक्सचे पार्ट अदलाबदल करताय? या चुका टाळा

कंपन्यांनी मोडीत काढलेले डेल ऑप्टिप्लेक्स सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळतात, म्हणून बरेच जण दोन उचलतात: एक वापरायला, एक पार्टसाठी. बेत चांगला आहे, फक्त दुसरा निवडताना मॉडेल नंबरावर विसंबू नका. ७०१० आणि ७०२० सख्खी भावंडं वाटतात. प्रत्यक्षात ७०१०चं जमतं ९०१०शी आणि ७०२०चं ९०२०शी. पहिल्या जोडीत ११५५ सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) आणि क्यू७७ चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप), दुसरीत ११५० आणि क्यू८७. यांचे प्रोसेसर एकमेकांत बसतच नाहीत.

प्रोसेसर बसला म्हणजे चालेल, हे गृहीत धरणं

७९० आणि ९९० यांच्यातही ११५५च सॉकेट आहे. ७०१०मधला तिसऱ्या पिढीचा आय५-३४७० तिथे अलगद बसतो, पण डिस्प्ले येत नाही. क्यू६५ आणि क्यू६७ हे चिपसेट तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर घेत नाहीत. बायोस (बोर्डावरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) कितीही अपडेट करा. उलटं मात्र चालतं. ७९०चा आय५-२४०० ७०१०मध्ये विनातक्रार सुरू होतो.

अदलाबदल करताना एक जपा: पिना प्रोसेसरला नसून बोर्डावरच्या सॉकेटमध्ये असतात. प्रोसेसर तिरका ठेवला किंवा हातातून सुटला, तर वाकतात त्या. मग दोष रॅमचा म्हणून तुम्ही दिवसभर रॅम बदलत बसता.

एसएमपीएस (पॉवर सप्लाय): इथेच सगळ्यात जास्त जण अडकतात

७०१०च्या बोर्डाला नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर लागतो. ३०२०, ७०२० आणि ९०२० यांना डेलचा स्वतःचा ८ पिनांचा. शिवाय या तिघांत हार्ड डिस्कची पॉवर एसएमपीएसमधून थेट येत नाही, बोर्डावरून वेगळ्या केबलने येते. ती केबल जुन्या कॅबिनेटमध्येच राहिली की डिस्क मेली असं वाटतं. बाजारातला एसएमपीएस लावायचा तर २४ ते ८चा तयार अडॅप्टर घ्या. वायरी कापून जोडण्याचा उद्योग नको, कारण व्होल्टेजची मांडणीच वेगळी आहे.

रॅम

३०४० आणि ५०४० यांना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, त्याच पिढीच्या ७०४०ला डीडीआर४. खाच वेगळी असल्याने डीडीआर४ची चूक लगेच कळते. खरा धोका साध्या १.५ व्होल्टच्या डीडीआर३चा: ती ३०४०मध्ये बसते, पण या पिढीच्या प्रोसेसरला ते व्होल्टेज मानवत नाही. लेबल वाचूनच लावा. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम कितीही स्वस्त मिळाली तरी या मशीनांना चालत नाही.

फॅनची तक्रार

दुसऱ्या मॉडेलचा हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा, फॅनसकटचा भाग) बसवल्यावर सुरुवातीलाच फॅन फेल्युअरचा इशारा येत असेल, तर फॅन फिरतोय म्हणून दुर्लक्ष करू नका. आधी कनेक्टर पाहा. काही जुन्या मॉडेलांत तो ५ पिनांचा आहे, बाजारातला फॅन ४ पिनांचा.

सगळं बरोबर, तरी डिस्प्ले नाही

पॉवर केबल काढा, सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटं बाहेर ठेवा, एकच रॅम पहिल्या स्लॉटमध्ये लावा आणि ग्राफिक्स कार्ड काढून मॉनिटर बोर्डालाच जोडा. एवढ्यावर चालू झालं, तर एकेक पार्ट परत लावत जा.

डिस्प्ले येतो पण विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकते? तर बायोसमध्ये साटा ऑपरेशन (डिस्क कोणत्या पद्धतीने चालवायची ती सेटिंग) बघा. अनेक ऑप्टिप्लेक्समध्ये ते ‘रेड ऑन’ (RAID On) असतं. विंडोजची डिस्क ज्या मशीनमधून आणली तिथे ही सेटिंग ‘एएचसीआय’ (AHCI) असेल, तर इथेही तेच करा.